एमए-एमएस्सीला प्रवेश घेतलाय? शिष्यवृत्ती आणि स्वाधारची फाईल अशी लावा

"दादा, बीएला तिन्ही वर्षं शिष्यवृत्ती आली. एमएला का अडकली?" आमच्या अभ्यासिकेत मी गेली काही वर्षं पोरांचे फॉर्म भरून देतो, आणि दिवाळीच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. पदवीच्या वेळी जे चाललं तेच आताही चालेल, असं धरून पोरगा बसलेला असतो. तेव्हाचा उत्पन्नाचा दाखला, तेव्हाचं बँक खातं, तेव्हाचं प्रोफाइल, सगळं जुनंच. पण पदव्युत्तर प्रवेश घेतला की शासनाच्या दृष्टीने तुमची फाईल कोरी असते. ती पहिल्या पानापासून लावावी लागते आणि ठरावीक क्रमानेच लावावी लागते.

हा लेख महाराष्ट्रात पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी आहे. स्वाधार म्हणजे शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्याखाण्यासाठी मिळणारी रक्कम. पीएचडीच्या अधिछात्रवृत्त्यांचं गणित वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही.

## टप्पा १ : आधी आपलं दार ओळखा

महाडीबीटी पोर्टलवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या संकेतस्थळावर, योजनांची यादी लांबलचक आहे. ती वाचत बसलात तर दोन तासांनी डोकं दुखेल. स्वतःला चार प्रश्न विचारा, म्हणजे यादी आपोआप आखडते.

प्रवर्ग कोणता? अनुसूचित जातीच्या (नवबौद्धांसह) आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची, शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्न मर्यादा वर्षाला २.५ लाख रुपये. उत्पन्न त्याहून जास्त असलं की अनेक जण फॉर्मच भरत नाहीत. ही चूक करू नका. तुमच्यासाठी फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाच्या योजना त्यांच्या विभागाखाली दिसतात, मर्यादाही निराळ्या आहेत. खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मर्यादा ८ लाख.

अभ्यासक्रम व्यावसायिक आहे की साधा? एमबीए, एमटेक, एमफार्म एका बाजूला, एमए-एमकॉम-एमएस्सी दुसऱ्या बाजूला. व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली असेल तर शुल्काच्या योजनेची आशा सोडा. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरच्या पात्र मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं, ते याच व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतं आहे. एमए मराठीला प्रवेश घेऊन "मुलींना सगळं फुकट आहे ना?" असं विचारणाऱ्या दोघी-तिघी दरवर्षी भेटतात. त्यांना सांगायला मलाच वाईट वाटतं.

हे तुमचं पहिलंच पदव्युत्तर आहे का? एकाच पातळीवरचं दुसरं शिक्षण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बसत नाही. एमए झालंय आणि आता वेगळ्या विषयात पुन्हा एमए करताय, तर शिष्यवृत्ती नाही. स्पर्धा परीक्षेच्या नादात शहरात राहायला मिळावं म्हणून दुसरं एमए करणारे इथेच अडकतात.

नोकरी करता का? पूर्ण पगाराची नोकरी असेल तर तुमचं उत्पन्नही हिशेबात येतं. लपवू नका. आधार आणि पॅन जोडलेले असताना ते फार दिवस लपतही नाही.

> तपासा : योजनेचं नाव, विभाग आणि उत्पन्न मर्यादा एका कागदावर लिहून काढलीत का? नसेल तर पुढे जाऊ नका. सगळी कागदपत्रं या नावावर अवलंबून आहेत.

## टप्पा २ : उत्पन्नाचा दाखला, कुणाचा आणि कोणत्या वर्षाचा

सगळ्यात जास्त अर्ज इथेच परत येतात, म्हणून इथे जरा थांबू.

दाखला तहसील कार्यालयाचा हवा. तलाठ्याचा अहवाल ही त्याआधीची पायरी आहे, तो दाखला नव्हे. आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो. मुदत १५ दिवसांची आहे, पण प्रवेशाच्या हंगामात सेवा केंद्रात रांग दारापर्यंत असते. म्हणून निकालाची वाट न बघता मे-जूनमध्येच अर्ज टाका.

वर्षाचा घोळ असा होतो. शैक्षणिक वर्ष २०२५-२६ असेल तर उत्पन्न त्याच्या आधीच्या आर्थिक वर्षाचं, म्हणजे २०२४-२५ चं लागतं. दाखल्याच्या तळाशी तो ३१ मार्च अमुकपर्यंत वैध असल्याचं लिहिलेलं असतं. पोरं वरची रक्कम बघतात, ही तळाची ओळ बघत नाहीत. आधी तीच बघा.

आता कुणाचं उत्पन्न? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आई-वडिलांपैकी कुणीही हयात असेल तर त्यांचं सर्व मार्गांनी येणारं उत्पन्न धरतात. काका किंवा मोठा भाऊ खर्च करत असला तरी त्याचा दाखला चालत नाही. विवाहित, नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न धरतात. पदवीपर्यंत हा प्रश्न सहसा येत नाही, एमएला हमखास येतो. मागे एक मुलगी आली होती, लग्न होऊन आठ महिने झालेले. दाखला वडिलांच्या नावाचा, आधारवर सासरचं नाव, जातीचा दाखला माहेरच्या नावाचा. तिन्ही कागद खरे, तरीही अर्ज परत आला होता. नवऱ्याच्या नावाचा उत्पन्न दाखला काढला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलं, तेव्हा मार्गी लागला. जातीच्या दाखल्याला हात लावायची गरजच नव्हती, तो माहेरच्याच नावाचा असतो.

> सावधान : नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला नाही. एकाच्या जागी दुसरं अपलोड केलं की अर्ज परत येणार म्हणजे येणारच. नोकरदार पालकांचा फॉर्म १६ सुद्धा तहसीलदाराच्या दाखल्याची जागा घेत नाही, तो दाखला काढतानाचा पुरावा असतो.

## टप्पा ३ : बाकीची कागदपत्रं, एका बैठकीत

पुढचे कागद एकाच दिवशी एका फोल्डरमध्ये गोळा करा: जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, या वर्षीची प्रवेश पावती आणि बोनाफाईड. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि कॅपचं जागावाटप पत्र. पदवी आणि पदव्युत्तर यांत एखादं वर्ष रिकामं गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

विद्यापीठ बदललं असेल तर स्थलांतर प्रमाणपत्राचं काम लगेच सुरू करा. ते शिष्यवृत्तीसाठी थेट लागत नाही, पण त्यावाचून प्रवेश 'तात्पुरता' राहतो, आणि तात्पुरत्या प्रवेशावर कॉलेज अर्ज पुढे पाठवायला कचरतं.

मग नावं जुळवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानेश्र्वर' आणि बँकेत 'डी. बी.' अशी तीन माणसं मी एकाच पोरात पाहिली आहेत. दहावीचं नाव मूळ धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा, उलट नको.

आधारवरच्या पत्त्याचंही एक आहे. शहरात खोली घेतली, गॅस किंवा सिमकार्डसाठी आधारवर खोलीचा पत्ता टाकला, आणि पुढे स्वाधारसाठी 'मी या शहराचा रहिवासी नाही' असं लिहून द्यायची वेळ आली. तुमचं घर खरोखर गावी असेल तर पत्ता गावचाच राहू द्या.

स्कॅन करताना महाडीबीटीवर फाईल १५ ते २५६ केबीमध्ये बसायला हवी. आकार कमी करायच्या नादात शिक्का आणि बारकोड पुसट होतो. अपलोड करण्याआधी फाईल मोबाईलवर उघडून बारकोडचा आकडा वाचता येतो का, एवढं बघा.

## टप्पा ४ : पैसे नेमके कोणत्या खात्यात पडणार?

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. एमएच्या पहिल्या वर्षी माझा अर्ज मंजूर, पोर्टलवर रक्कम वितरित झालेली, आणि खात्यात शून्य. दोन महिने कॉलेज, समाजकल्याण, बँक अशा फेऱ्या मारल्या. पैसे आले होते, पण ज्या खात्याची मला आठवणही नव्हती अशा खात्यात. नवीन सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेतला होता, त्याच अंगठ्यावर एक खातं उघडलं गेलं आणि माझ्या आधारचं अनुदान तिकडे वळलं. चूक माझीही होती, स्क्रीनवर काय लिहिलंय ते न वाचता मी बोट ठेवलं होतं.

गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुन्हा होणार नाही. 'खात्याला आधार जोडलंय' आणि 'आधारला खातं जोडलंय' ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात बँकेने तुमची ओळख पटवलेली असते. दुसऱ्यात एनपीसीआयच्या, म्हणजे देशातले बँक व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत तुमच्या आधार क्रमांकासमोर एका बँकेचं नाव लागतं. यालाच सीडिंग म्हणतात. तिथे एका वेळी एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. शासन खाते क्रमांक बघत नाही, आधार बघतं. पासबुकची झेरॉक्स कितीही जोडा, पैसे त्या नोंदीतल्या बँकेतच जातात.

म्हणून क्रम असा:

1. माय-आधार संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द दोन्ही हवेत.
2. नाव चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेत जा. 'केवायसी करायचं आहे' असं म्हणू नका, ते झालंय म्हणून परत पाठवतील. 'डीबीटीसाठी (म्हणजे शासनाचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म द्या' असं म्हणा.
3. आठवड्याने पुन्हा स्टेटस बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा.
4. खातं सुरू आहे का? वापर नसलेलं किंवा शाळेत असताना 'मायनर' म्हणून उघडलेलं खातं असेल तर तेही नीट करून घ्या.

> सावधान : यानंतर पैसे येईपर्यंत आधारवर कोणतंही नवं खातं उघडू नका. मोबाईल अ‍ॅपवर पाच मिनिटांत उघडणारं तर मुळीच नाही.

## टप्पा ५ : वसतिगृहाचा अर्ज आधी, स्वाधार त्यातूनच

शिष्यवृत्तीतून राहण्याखाण्याचा खर्च निघत नाही, हे आधीच सांगतो. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुसूचित जातीच्या एमए-एमएस्सीसारख्या साध्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला शैक्षणिक भत्ता वर्षाला ६,००० रुपये, तोही वसतिगृहात राहत असेल तर. घरून येणाऱ्याला ३,०००. पुण्यात कॉट बेसिसवर खोली घेतली तर हे पैसे दीड-दोन महिन्यांत संपतात.

खरा आधार शासकीय वसतिगृहाचा. तिथे जागा नसेल तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, ओबीसी आणि विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या गटासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज मात्र महाडीबीटीवर.

स्वाधारची वार्षिक रक्कम शहरावर ठरते. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथे भोजन ३२,००० + निवास २०,००० + निर्वाह ८,००० = ६०,०००. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००.

लोक चुकतात ते इथे: वसतिगृह न मागता थेट स्वाधार मागतात. स्वाधार ही वसतिगृहाला पात्र असूनही जागा न मिळालेल्यांसाठीची सोय आहे. समाजकल्याणच्या वसतिगृह प्रवेशाच्या पोर्टलवर दोन्ही पर्याय असतात, तिथे अर्ज वेळेत करा. मित्रांबरोबर खोली घेतलीय म्हणून वसतिगृहाचा अर्जच न टाकणं म्हणजे ६०,००० वर पाणी सोडणं.

अटींपैकी पदव्युत्तरवाल्यांनी तीन नीट बघाव्यात. एक, शिकताय त्या शहराचे तुम्ही स्थानिक नसावेत. दोन, हजेरी ७५ टक्के. पदव्युत्तर वर्गात हजेरी कुणी फारशी घेत नाही, असं समजून लायब्ररीत बसून राहणाऱ्यांचा दुसरा हप्ता हजेरीच्या दाखल्यावर अडतो. तीन, अभ्यासक्रमाची मुदत. स्वाधारच्या मूळ नियमांत अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचा नसावा, असं आहे. चार वर्षांची पदवी घेऊन एका वर्षाच्या एमएला येणाऱ्यांनी आणि पदव्युत्तर पदविकावाल्यांनी खोली पक्की करण्याआधी समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन हे स्पष्ट विचारून घ्यावं. गुणांच्या टक्क्यांची अटही तिथेच विचारा, ती मध्यंतरी बदललेली आहे.

भाड्याचा पुरावा पहिल्या महिन्यापासून ठेवा. घरमालक करार करून द्यायला का-कू करतात. निदान स्वाक्षरीची पावती आणि त्यांच्या वीजबिलाची झेरॉक्स आगाऊ रक्कम देतानाच मागून घ्या. एकदा पैसे हातात पडले की मालक फोन उचलत नाही.

## टप्पा ६ : महाडीबीटीचा फॉर्म

एवढं झाल्यावर पोर्टल उघडा, आधी नाही. जुनं खातं असेल तर तेच वापरा. पासवर्ड विसरलात म्हणून दुसऱ्या मोबाईल नंबरवर नवं खातं काढायला गेलात तर एकाच आधारवर दोन प्रोफाइलचा घोळ होतो.

प्रोफाइलमध्ये सगळ्यात महत्त्वाचा टॅब चालू अभ्यासक्रमाचा. बीएची नोंद तिथे 'पर्स्युइंग' अशीच राहिलेली असते. ती आधी 'कम्प्लीटेड' करा, निकाल आणि टक्के भरा, मगच एमएची नवी नोंद घाला. हे राहिलं की पोर्टल तुम्हाला एकाच वेळी दोन ठिकाणी शिकणारा समजतं, किंवा योजनाच दाखवत नाही. मग पोरं म्हणतात, साइट बंद आहे.

कॉलेज निवडताना जिल्हा, तालुका, कॉलेज, शाखा, विषय असं उतरत जा. विद्यापीठाचा विभाग आणि त्याच विद्यापीठाला संलग्न कॉलेज यांची नावं यादीत सारखी वाटतात. चुकीचं निवडलं तर अर्ज दुसऱ्याच कारकुनाच्या लॉगिनला जाऊन पडतो आणि तुम्हाला कुणी कळवत नाही. शंका असेल तर शिष्यवृत्ती विभागातल्या माणसाला मोबाईलवर यादी दाखवून त्याच्याकडूनच बोट ठेवून घ्या.

प्रवेशाचा प्रकार कॅप की बिगर-कॅप, वसतिगृहात राहता की घरून येता, शुल्क किती भरलं, हे पावती समोर ठेवूनच भरा. अंदाजे आकडा नको.

> तपासा : सबमिट करण्याआधी दाखला क्रमांक आणि तारखा मोठ्याने वाचा, शेजारी बसलेल्याने कागदावर जुळवाव्यात. सबमिट केल्यावर प्रोफाइल बंद होतं. दुरुस्तीसाठी अर्ज रद्द करावा लागतो आणि तेही कॉलेजने मंजूर करण्याआधीच जमतं.

शेवटच्या तारखेला मुदतवाढ मिळते, हा सगळ्यांचा अनुभव. पण मुदतवाढ विद्यार्थ्याला मिळते. कॉलेजच्या कारकुनाला मिळाली तरी त्याच्या लॉगिनला तोवर शेकडो अर्ज तुंबलेले असतात.

## टप्पा ७ : सबमिटनंतर हातावर हात ठेवू नका

अर्जाची प्रिंट आणि झेरॉक्सचा संच त्याच आठवड्यात कॉलेजला द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर आपल्या प्रतीवर तारीख-शिक्का मागा. प्रवेशाच्या वेळी शुल्काबाबत हमीपत्र लिहून दिलं असेल तर त्याचीही झेरॉक्स जवळ ठेवा. कॉलेजकडून अर्ज विभागाकडे जातो, म्हणजे प्रवर्गाप्रमाणे समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण किंवा उच्च शिक्षणाच्या सहसंचालकांकडे. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती बघायची सवय लावा. 'सेंड बॅक' दिसलं तर त्याखालचा शेरा वाचा आणि फक्त तेवढंच दुरुस्त करा. शेरा एका कागदाबद्दल असताना पाच फाईल बदलल्या की नवा शेरा येतो.

पैसे उशिरा येतात, हे धरूनच वर्षाचं गणित मांडा. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' असेल तर पहिल्याच महिन्यात नाव नोंदवा.

## टप्पा ८ : रक्कम आल्यावर, आणि दुसऱ्या वर्षी

रक्कम कधी एकत्र येते, कधी तुकड्यांत. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत राज्याचा ४० टक्के आणि केंद्राचा ६० टक्के हिस्सा वेगवेगळा जमा होतो, म्हणून पहिला तुकडा बघून 'एवढीच आली' असं समजू नका. त्यात कॉलेजच्या शुल्काचा भाग असतो, तो तुमचा नाही. आला की लगेच भरा आणि पावती घ्या. घरच्या अडचणीत तो खर्च झाला की पुढे मूळ गुणपत्रिका मागताना कॉलेज थकबाकी पुढे करतं. शक्य असेल तर शुल्काचा भाग आल्या दिवशीच बाजूला काढा.

दुसऱ्या वर्षी नव्या अर्जाऐवजी नूतनीकरण असतं, पण तेही आपोआप होत नाही. पहिल्या वर्षाचा निकाल, नवी प्रवेश पावती, योजनेप्रमाणे नवा उत्पन्न दाखला, सगळं पुन्हा लागतं. पहिल्या वर्षात नापास होऊन तेच वर्ष पुन्हा करत असाल तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळत नाही. एखाद-दुसरा विषय राहून दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला असेल तर मात्र अर्ज जरूर टाका, आणि गुणपत्रिका अपलोड करताना दोन्ही सत्रांची एकाच फाईलमध्ये जोडा. एकच सत्र दिसलं की अर्ज परत येतो.